बिल्डर पळाला वाटतं?

2022 च्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली, साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट मिलला. शार्लट शहर म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, आणि तिथून जरा खाली उतरलं की राज्य बदलतं नि आमचं गाव लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेकाला मित्राकडे सोडायला रीजंट पार्कच्या बाजूला गेलो, तर पाइनच्या झाडांच्या वर डोकं काढून उभा असलेला तो 21 मजली सांगाडा तिला दिसला. आजूबाजूला सगळी बैठी नाहीतर दुमजली घरं आणि मधेच हा. आई सांगलीची. रखडलेल्या स्कीमा तिला लांबूनच ओळखू येतात.

"बिल्डर पळाला वाटतं गं?"

"पळाला नाही. मालकाच्या बायकोशी लग्न केलं त्यानं."

आईनं चष्मा काढून पुसला. म्हणजे आता घरी पोचेपर्यंत मला सगळं सांगणं भाग होतं.

तर ही मालकाची बायको म्हणजे टॅमी फे. त्याच वर्षी मार्चमध्ये तिची भूमिका केलेल्या जेसिका चॅस्टेनला ऑस्कर मिळालं होतं, त्यामुळे इथल्या किराणा दुकानाच्या रांगेतसुद्धा तिचं नाव पुन्हा निघायला लागलं होतं. जन्म 1942 चा, मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्सचा, कॅनडाच्या सीमेवरचं थंडगार गाव. आठ भावंडांत थोरली. घरात संडास-बाथरूम नाही. बायबल कॉलेजात जिम बॅकर भेटला, 1961 साली लग्न झालं आणि दोघं गावोगाव बाहुल्यांचे खेळ करत धर्मप्रचार करायला लागले. बाहुल्यांवरून टीव्ही, टीव्हीवरून स्वतःचं चॅनेल. 1974 पासून शार्लटमधून त्यांचा 'पीटीएल क्लब' सुरू झाला. पीटीएल म्हणजे 'प्रेज द लॉर्ड', देवाची स्तुती करा. आपल्याकडे सकाळी प्रवचनं लागतात तसं समजू नका. सोफा, गाणी, पाहुणे, रडणं, हसणं आणि मधेमधे पैशाचं आवाहन, असा रोजचा कार्यक्रम.

त्या पैशातून फोर्ट मिलला 2300 एकरांवर 'हेरिटेज यूएसए' उभं राहिलं. हॉटेल, वॉटर पार्क, दुकानं, चर्च, सगळं एकाच आवारात. 1986 मध्ये जवळजवळ 60 लाख लोक येऊन गेले. अमेरिकेतल्या थीम पार्कांत त्याहून जास्त गर्दी फक्त डिस्नेच्या दोन ठिकाणी व्हायची.

मग घोटाळा. ऐकायला अगदी ओळखीचा आहे. 1000 डॉलर भरा, दरवर्षी तीन रात्री फुकट राहा, तेही आयुष्यभर. अशी वर्गणी हजारो लोकांनी भरली, आणि तयार हॉटेल होतं सुमारे 500 खोल्यांचं. आईनं मनातल्या मनात भागाकार केला असावा, कारण ती नुसतं "हं" म्हणाली. 1987 च्या मार्चमध्ये जिमनं राजीनामा दिला, कारण चर्चच्या एका तरुण सेक्रेटरीशी त्याचा संबंध आला होता आणि तिनं तोंड बंद ठेवावं म्हणून पैसे मोजले गेले होते. 1989 मध्ये शार्लटच्या कोर्टात 24 आरोप सिद्ध झाले, 45 वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपील कोर्टानं शिक्षा बाजूला ठेवली, कारण शिक्षा सुनावताना जजसाहेब स्वतःच्या धर्मभावनेवर घसरले होते. शिक्षा आठ वर्षांवर आली आणि 1994 मध्ये तो सुटला. त्याच आवारातला तो सांगाडा मात्र 1987 लाच थांबला तो थांबलाच.

इथपर्यंतची गोष्ट फोर्ट मिलमध्ये कुणीही सांगेल. मजा अशी, की जिमचं बोलताना लोक आकडे सांगतात. एकर, डॉलर, वर्षं. टॅमीचं नाव निघालं की मात्र डोळ्यांखाली बोटं फिरवून दाखवतात. मस्कारा. ती टीव्हीवर रडायची आणि पापण्यांचा काळा रंग गालांवर ओघळायचा, एवढीच तिची ओळख उरली आहे.

आमच्या मागच्या घरात ऐंशीच्या पुढची एक आजी राहते. तिच्याकडे तो टी-शर्ट अजून आहे. आईला दाखवायला म्हणून तिनं मुद्दाम गॅरेजमधून काढून आणला. पांढऱ्या कापडावर समोरच काळे, निळे, गुलाबी डाग छापलेले, चेहरा दाबून पुसल्यासारखे, आणि वर लिहिलेलं की मॉलमध्ये मी टॅमी फेला धडकले. 87 साली सगळीकडे मिळायचे म्हणे. आता आजी त्यानं गाडीचा आरसा पुसते. टी-शर्टची घडी घालत ती म्हणाली, "ब्लेस हर हार्ट."

दक्षिणेतल्या ह्या तीन शब्दांचा अर्थ लागायला मला तीन वर्षं लागली. आपलं 'बिच्चारी!' असतं ना, तसं आहे ते. कणव आणि टोमणा एकाच वाटीत. त्या दिवशी आजीला कुठलं म्हणायचं होतं ते तिलाही माहीत नसावं.

टॅमीवर कधीच खटला झाला नाही. म्हणून 'चोर सोडून संन्याशाला फाशी' म्हणावं, तर तेही बसत नाही. चोराला शिक्षा झाली होती, आणि ही काही संन्यासीण नव्हती. पेन्शनीतून चेक पाठवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पैशावर ह्यांच्या कुत्र्याच्या घरालाही एसी होता. हे सगळं तिला कळतच नव्हतं, हे मला पटत नाही. पण मला नेहमी वाटतं, घोटाळा झाला तेव्हा ती 45 वर्षांची होती. पीटीएल चाललं 13 वर्षं, आणि त्यानंतर ती जगली 20. त्या वीस वर्षांचं कुणी बोलत नाही.

तिच्या हालांची सुरुवात तर घोटाळ्याच्याही आधीपासून. गोळ्यांची सवय लागलेली, 87 च्या सुरुवातीलाच ती कॅलिफोर्नियात उपचार घेत होती. मग नवरा तुरुंगात गेला, चॅनेल गेलं, घर गेलं. ऑरलँडोला जाऊन लहानशा जागेत तिनं प्रार्थनासभा चालू ठेवली. 1992 मध्ये जिम तुरुंगात असतानाच घटस्फोट. नवरा आत असताना बायकोनं त्याला सोडावं, हे चर्चवाल्यांना कसं वाटलं असेल ते सांगायला नको. पुढच्याच वर्षी लग्न केलं रो मेस्नरशी, म्हणजे आईच्या त्या बिल्डरशी. हेरिटेज यूएसए त्यानंच बांधलं होतं.

"म्हणजे चांगलं झालं तिचं," आई म्हणाली.

छे. 1996 मध्ये मेस्नरला दिवाळखोरीतल्या लबाडीबद्दल 27 महिन्यांची शिक्षा झाली. दुसऱ्या नवऱ्यासाठीही तुरुंगाच्या फेऱ्या! आणि त्याच वर्षी तिला आतड्याचा कॅन्सर निघाला. जिम जे. बुलक नावाच्या, समलिंगी असल्याचं न लपवणाऱ्या विनोदी नटाबरोबर तिनं नुकताच एक टॉक शो सुरू केला होता, तो सोडावा लागला.

तो शो म्हणजे वाळीत पडलेल्या बाईची नाइलाजानं केलेली सोबत नव्हती. नोव्हेंबर 1985 मध्ये, सगळं जोरात चालू असताना, तिनं स्टीव्ह पीटर्स ह्या एड्स झालेल्या समलिंगी पाद्रीची पीटीएलवर मुलाखत घेतली होती. तो स्टुडिओत नव्हता, उपग्रहावरून दिसत होता. तिनं भोळे-भाबडे, काही अगदी आगाऊ प्रश्न विचारले. पण एड्सच्या रोग्याला जवळ घ्यायला आपण ख्रिस्ती माणसं इतकी घाबरतो, ह्याचं दुःख तिनं कॅमेऱ्यात बघून सांगितलं, तेही रडत. त्या काळात एड्सवाल्याने वापरलेला कप लोक फेकून देत. आणि हे ऐकत कोण होतं, तर चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे.

पुढे चर्चनं तिच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा समलिंगी लोकांनी तिला बोलावलं. त्यांच्या 'प्राइड'च्या मेळाव्यांत ती जायची, आणि तिच्यासारख्याच पापण्या चिकटवलेले पुरुष तिला मिठ्या मारायचे. 2000 सालच्या तिच्यावरच्या माहितीपटाला निवेदन होतं रूपॉलचं, म्हणजे बाईच्या वेशात कार्यक्रम करणाऱ्या प्रसिद्ध कलाकाराचं. 2004 मध्ये एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये तिला पॉर्नपटातल्या नटाबरोबर एका घरात ठेवलं. तमाशा होईल अशीच निर्मात्यांची अपेक्षा असणार. दोघांची दोस्ती झाली. देवावरची श्रद्धा तिनं सोडली नाही, आणि पापण्याही नाहीत. डोळ्यांची आणि ओठांची रेघ तर तिनं गोंदवूनच घेतली होती, म्हणजे पुसायचा प्रश्नच मिटला.

आणि ह्या सगळ्यात एक गोष्ट मला सगळ्यात नवलाची वाटते. ती परत इकडेच आली. शार्लटच्या कडेला मॅथ्यूज नावाचं गाव आहे, तिथे ती आणि मेस्नर राहिले. जिथल्या कोर्टात पहिल्या नवऱ्याला शिक्षा झाली, जिथल्या मॉलमध्ये तिच्या तोंडाचे डाग विकले गेले, तिथेच दूध-ब्रेड आणायला जायचं. मी नसते आले. आमच्या गल्लीत दहावीला नापास झालेली मुलगी मामाकडे पाठवायचे, तर.

2004 मध्ये कॅन्सर फुफ्फुसात आला. शेवटी ते दोघं मिझुरीत कॅन्सस सिटीजवळ राहायला गेले. जुलै 2007 मध्ये टीव्हीवरच्या प्रसिद्ध मुलाखतकार लॅरी किंगनं तिची शेवटची मुलाखत घेतली. 19 तारखेला ती टीव्हीवर लागली आणि 20 ला टॅमी गेली. वय 65 आणि वजनही 65 पौंड, म्हणजे जेमतेम 30 किलो.

आई परत जायच्या आदल्या रात्री ती मुलाखत बघू या म्हणाली. बॅगा भरून झाल्या होत्या, वजनकाटा मधेच पडला होता. मी लॅपटॉप लावला. पडद्यावर एवढंसं तोंड, त्यावर त्या पापण्या आणि लिपस्टिक. इंग्रजी आईला सगळं कळत नाही, पण ती जराही हलली नाही.

"खात काय होती गं ही?"

चिकन सूप आणि तांदळाची खीर, मी सांगितलं. गिळवत नव्हतं. मनात मात्र बर्गर आणि भरपूर केचप घातलेले फ्राइज यायचे, असं तिनंच लिहिलं होतं.

"खीर जाते," आई म्हणाली. "तुझ्या आजीला पण शेवटी खीरच जायची. गाळून द्यायचे मी." मग थोड्या वेळानं, स्क्रीनकडेच बघत, "हिला टिकली लावायची फार हौस असती बघ."