जिबच्या लोड चार्टने अडवलं

चाकणला चालू शेडमध्ये मेझानिन, म्हणजे मधला लोखंडी मजला, उभारायचं होतं. वर छत असल्याने हायड्रा क्रेनचं बूम (उचलायचा लांब हात) पुरेसं उभं होईना, म्हणून भाड्याने टेलिहँडलर मागवला, म्हणजे पुढे लांबणाऱ्या बूमचं, फोर्क लावलेलं मशीन. ऑपरेटरचे कागद, थर्ड पार्टी सर्टिफिकेट, गेटपास सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं जिबवर, म्हणजे फोर्कऐवजी बूमच्या टोकाला लावायच्या हूकच्या दांड्यावर.

बीम दोन कॉलमच्या मध्ये हूकला टांगूनच बसवायचे होते. केबिनमध्ये लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर आणि उंचीवर किती वजन चालतं याचा तक्ता होता, पण फोर्कचा, म्हणजे माल खालून उचलायच्या काट्यांचा. सेफ्टीवाले परमिटवर सही करेनात. त्यांचं बरोबरच होतं. जिब लावला की भार आणखी पुढे जातो, जिबच्या स्वतःच्या वजनाची भर पडते, वर टांगलेला माल झुलतो. फोर्कचा चार्ट भाराचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० किंवा ६०० मिमीवर धरून काढलेला असतो. त्याचा इथे काय उपयोग?

भाडेवाल्याला फोन केला. "साहेब, ४ टनाचं मशीन आहे, तुमचा बीम ३०० किलोचा! सगळीकडे असंच चालतं." अहो, ४ टन बूम आत असताना! पूर्ण बाहेर काढलं की तेच मशीन टनाच्या खाली येतं. मग त्याने व्हॉट्सॲपवर तोच फोर्कचा चार्ट पाठवला, तोही तिरका काढलेला फोटो. पुन्हा मागितला तर भलत्याच मॉडेलचा आला. फिटर चहा पीत बसलेले आणि मशीनचं भाडं मात्र सुरू. शेवटी मशीनच्या आणि जिबच्या पाटीचे फोटो सरळ कंपनीच्या डीलरला पाठवले, तेव्हा कुठे खरा चार्ट हातात पडला. तेव्हापासून आमच्या ऑर्डरमध्ये एक ओळ पक्की असते: अटॅचमेंटचा चार्ट आल्याशिवाय भाडं सुरू होणार नाही.

चार्ट पाहिल्यावर मशीन कॉलमच्या बरंच जवळ घ्यावं लागलं. आडवं अंतर पुढच्या टायरपासून मोजतात, बूमच्या बुडापासून नाही. बीमच्या वजनात तो टांगायचे स्लिंग (पट्टे) आणि शॅकल (कड्या) यांचं वजनही धरा. हो, आणि मशीनला स्टॅबिलायझर (जमिनीवर टेकवायचे पाय) असतील तर चार्ट दोन असतात, टायरवरचा वेगळा. दोन्ही सपाट जमीन धरूनच काढलेले, त्यामुळे लेव्हल बूम खाली असतानाच करून घ्यायची.

केबिनमधला जास्त भाराचा लाल दिवा लागला तर घाबरून बूम खाली घेऊ नका. उंचावरून खाली येताना भार पुढे सरकतो आणि मशीन पुढे कलंडायला बघतं. आधी बूम आत, मग खाली. आमच्या ऑपरेटरला हे न सांगता माहीत होतं. त्याच्या मालकाला चार्ट म्हणजे काय, हे मात्र मलाच समजावून सांगावं लागलं.