थंडीतला घाम

मणक्याला इजा झालेल्या माणसाला बर्फावर उतरवायचं म्हटलं की आमचा बराच वेळ बकेटवरच जातो. बकेट म्हणजे सिट-स्कीची, बसून चालवायच्या स्कीची, खोलगट सीट. तिच्याखाली शॉक अ‍ॅब्सॉर्बर, त्याखाली एक स्की असेल तर मोनो-स्की आणि दोन असतील तर बाय-स्की. बकेट पायातल्या बुटासारखी अंगाला गच्च बसावी लागते, कारण वळण घ्यायचं ते डोकं, खांदे आणि हातातल्या आउटरिगरच्या जोरावर. आउटरिगर म्हणजे टोकाला छोटी स्की लावलेल्या कुबड्या.

गच्च, पण कुठेही न टोचणारी. ज्या कातडीला संवेदनाच नाही, तिला पँटची चुणी किंवा खिशातली किल्ली जाणवत नाही. व्रण दिसतो तो कपडे काढल्यावर. पायांची हाडं भार न पडल्यामुळे ठिसूळ झालेली असतात, बोटं गोठली तरी पत्ता लागत नाही. घरची माणसं मायेनं बुटात गरम पॅक ठेवतात, ते मी काढायला लावतो. भाजलेलंही कळत नाही.

त्या सकाळी बकेटमध्ये एक गणिताचे शिक्षक होते. इजा टी-४ पातळीची, छातीच्या चौथ्या मणक्याची, संपूर्ण. म्हणजे छातीच्या मध्यापासून खाली ना संवेदना, ना हालचाल. हात मात्र पूर्ण ताकदीचे. सोबत त्यांची मोठी बहीण. नेहमीचा रक्तदाब मी विचारून घेतला होता: १००/६०. अशा इजेत तो कमीच असतो, आणि हा आकडा माहीत नसेल तर मी कुणाला वर नेत नाही.

मी मागे दोर धरून, ते पुढे बाय-स्कीवर. वळणं छान लागत होती. चेअरलिफ्टमध्येही त्यांची एकच मागणी, "सर, दोर सैल सोडा ना!" आणि खरोखरच दोराला ओढ लागत नव्हती. खांदा आधी वळवायचा आणि स्कीला मागून येऊ द्यायचं, हे त्यांच्या अंगात फार लवकर उतरलं.

उताराच्या मध्यावर ते अचानक थांबले. "सर, डोकं फुटेल असं ठणकतंय."

मी समोर जाऊन पाहिलं. चेहरा लालबुंद, मानेवर चट्टे, हेल्मेटच्या कडेखालून घामाच्या धारा. शून्याखालच्या थंडीत! घाम फक्त इजेच्या वरच्या भागात होता. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया.

सहाव्या छातीच्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर इजा असेल तर हा धोका कायम असतो. खाली काहीतरी बिनसतं, भरलेलं मूत्राशय, आवळलेला पट्टा, रुतलेलं नख. तो निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही, पण मज्जारज्जू आपल्या पातळीवर प्रतिसाद देतो आणि खालच्या रक्तवाहिन्या आवळतात. रक्तदाब भराभर चढतो. मेंदू हृदयाचे ठोके कमी करून पाहतो, पण 'वाहिन्या सैल करा' हा त्याचा हुकूम इजेच्या खाली जातच नाही. कारण सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

जखमी माणसाला आडवं करायचं ही डोंगरावरची सवय. इथे ती घातक. स्की पॅट्रोलचा, उतारावरच्या बचाव पथकाचा, तरुण स्लेज घेऊन आला तेव्हा मी आधी तेच सांगितलं: बसलेलेच राहू देत. ताईंनी भावाच्या जॅकेटमधलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. त्यावर सगळं छापलेलं होतं. अशा प्रत्येक माणसाच्या खिशात हे कार्ड हवंच, असा माझा आग्रह असतो. त्यानं वाचलं, एक प्रश्न न विचारता रक्तदाबाचं यंत्र काढलं. वरचा आकडा १७२.

छातीचा पट्टा, पोटाचा बाइंडर, मांडीचे पट्टे, बुटांचे बकल, सगळं सैल केलं. १६४. म्हणजे कारण दुसरंच.

"लघवी कधी काढली होती?"

"तीन तास झाले. चार तासांनी काढतो मी. अजून वेळ आहे."

घरच्या हवेत असेल. पण थंडीत कातडीच्या वाहिन्या आकसतात, रक्त आतल्या बाजूला वळतं आणि मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. त्यात गरम कॉफी. पॅट्रोलची खोली थोडीच खाली होती. तसंच बसलेलं ठेवून दोरावर हळूहळू उतरवलं. त्यांनी स्वतःच कॅथेटर घातला. ६०० मिलीच्या वर निघालं. काही मिनिटांत डोकं हलकं झालं, आकडा ११८ वर आला.

पुन्हा चढू शकतो म्हणून पुढे दोन तास लक्ष ठेवलं. त्या वेळात त्यांनी मला प्रश्नांनी भंडावून सोडलं. काही खेळाडू ताकद वाढावी म्हणून हीच अवस्था मुद्दाम ओढवून घेतात, हे ऐकून ते हादरले. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीनं त्यावर बंदी घातलेली आहे, आणि ती असायलाच हवी. मग शर्यतींचा विषय निघाला. १९७६ मध्ये स्वीडनच्या ऑर्नशोल्ड्सविकला पहिलं हिवाळी पॅरालिंपिक झालं, त्यात बसून स्की करणाऱ्यांना जागाच नव्हती. १९८८ला इन्सब्रुकमध्ये ती मिळाली. आता त्यांचे शरीराच्या क्षमतेनुसार एलडब्ल्यू १० ते १२ असे गट आहेत आणि प्रत्येकाच्या वेळेला गटानुसार गुणक लावून निकाल काढतात. गुणक म्हटल्यावर गणिताच्या सरांनी कागदच ओढला.

"माझ्यासारखे कोणत्या गटात?"

"एलडब्ल्यू १०. पोटाचे स्नायू काम करत नाहीत ते."

"आणि ते मोनो-स्कीवर असतात?"

"असतात."

कागद बाजूला पडला.

दुपारी रक्तदाब १०४. मूत्राशय रिकामं केलं, कातडी तपासली, बकेटमध्ये पुन्हा पहिल्यापासून बसवलं आणि सोप्या उतारावर दोराने खाली आलो. ताईंनी फोनवर दर दोन तासांचा गजर लावला. भाऊ कुरकुरला, त्यांनी ऐकून घेतलं नाही.

संध्याकाळी मोनो-स्कीची उंच पाठीची बकेट काढली. कंबरेची रुंदी जुळत होती, पण पाठीचा टेकू काखेखाली रुतत होता. दोन फोम कापले, पट्टा एक भोक खाली घेतला, आणि त्यांना आरशात दोन्ही बाजू बघायला लावल्या.