रुईवरचा कडवा : कोषातून पुन्हा माशीच

मागच्या वेळी कोषांतून फुलपाखरांऐवजी माश्या निघाल्या, तेव्हा तुम्ही अळ्यांऐवजी अंडी आणायला सुचवलं होतंत. पण यावेळीही तेच. बालवाडीतल्या जाळीत टांगलेले बिबळ्या कडव्याचे, म्हणजे रुईवर वाढणाऱ्या फुलपाखराचे, हिरवे कोष एकेक करून काळवंडले. त्यांतून पांढरट किडे चिकट तंतूंवरून खाली उतरले आणि त्यांच्या तपकिरी गोळ्या झाल्या. काही गोळ्यांतून राखाडी, केसाळ माश्याही निघाल्या. टॅकिनिडच, म्हणजे दुसऱ्या किड्यांच्या अळीत वाढणाऱ्या परजीवी माश्या.

माशीपेक्षा त्यानंतरच्या प्रश्नानं मला जास्त छळलंय. "बाई, फुलपाखराची पिल्लं माश्या असत्यात व्हय?" पोरीचं निरीक्षण चोख आहे, पाहिलं तेच ती बोलली. याच मुलांनी शेळी-करडू, म्हैस-रेडकू, घोडी-शिंगरू अशी चित्रं धडाधड जुळवली होती. एकानं तर अळीचं चित्र आपणहून फुलपाखराशेजारी नेऊन ठेवलं! तोंडावळा जुळत नसतानाही. अजून आठवलं की अंगावर मूठभर मांस चढतं.

तुम्ही सुचवलंत तसं अळ्यांऐवजी अंडीच आणली होती. तरीही हे झालं, कारण काही टॅकिनिड माश्या पानांवरच बारीक अंडी घालतात आणि अळी पानाबरोबर ती गिळते. मग जाळीचा काय उपयोग? म्हणून आता प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून, पुसून आत. हे काम मोठ्यांनीच करायचं, रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट.

अळ्या ठेवायला विकतची चेनवाली जाळीची पेटी मात्र घेऊ नका, चेनच्या टोकाला फट राहतेच. भरतकामाच्या दोन रिंगा आणि नायलॉनची जुनी ओढणी यांची घरगुती जाळी तिच्यापेक्षा सरस. प्लॅस्टिकच्या बरणीत ओल धरते, बुरशी येते.

हरिपूर रस्त्याकडची रुई शनिवारी मारुतीच्या हारासाठी खुडली जाते, पानांबरोबर अंडीही जातात. त्यामुळे अंडी आणायची फेरी शुक्रवारीच.

पण लिहितालिहिता वाटतंय, पानं धुण्यापेक्षा रुईच जाळीखाली वाढवली तर? उन्हाळ्यात रुईच्या म्हाताऱ्या उडतात, मुलं हौसेनं गोळा करतील. रोपं मोठी होईपर्यंत कढीपत्त्यावरचं लिंबाळी फुलपाखरू पाळू. तिची लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते. नर्सरीतलं रोप फवारलेलं असू शकतं, तेव्हा नवी पालवी येईपर्यंत त्यावर अळी सोडू नका.

उरलेल्या तपकिरी गोळ्या टाकणार होते, पण आता बाटलीत ठेवते. कडव्याचं एक चक्र, माशीचं दुसरं, आणि दोन्ही अळीपाशी एकमेकांना भिडलेली, असा तक्ता करायचा विचार आहे. बालवाडीच्या वयात हे कुणी दाखवून पाहिलंय का? मुलांनी काय विचारलं, तेवढं जरूर कळवा.