बामणोलीहून लाँचने वासोटा

वासोट्याचा बेत संध्याकाळपासून उलटा मोजत आखावा. गडावर मुक्कामाला बंदी आहे, त्यामुळे पाचच्या सुमारास मेट इंदवलीचा काठ, म्हणजे गडाच्या पायथ्याला लाँच लागते ती जागा, सोडायलाच हवी. उतरायला पावणेदोन-दोन तास, वर हिंडायला दीड, चढायला अडीच, बामणोलीहून लाँचने धरणाच्या पाण्यातून जायला दीड. म्हणजे साडेनऊला बामणोली सोडली तरी हिशोब बसतो. पण त्यात ना परवान्याची रांग धरलीय, ना कुणाच्या दुखऱ्या गुडघ्याची. आठलाच बामणोलीत हजर राहावं.

साताऱ्यातून बोगदा, यवतेश्वर, कास करत बामणोली पस्तीसेक किलोमीटर. सकाळी सहाला निघावं, डबा आदल्या रात्रीच भरून ठेवावा. पुढे गडाच्या पायथ्याला चहासुद्धा मिळत नाही. कासची फुलं आणि वासोटा एका दिवसात उरकायचा विचार करू नये. फुलांच्या ऐन दिवसांत वासोटा पावसामुळे बंदच असतो.

बामणोलीत कामं दोन. वनखात्याचा परवाना आणि लाँच. ओळखपत्र जवळ असू द्या. भाडं माणशी नसतं, अख्ख्या लाँचचं असतं, म्हणून चौघांना महाग आणि दहा जणांना स्वस्त पडतं. लाँच काठावर किती तास थांबणार आणि उशीर झाला तर वर किती द्यायचे, हे बसण्याआधीच बोलून घ्या. वाद होतो तो नेहमी परतल्यावर. निघतानाच एखाद्या खानावळीत पिठलं-भाकरीचं सांगून ठेवलं, तर संध्याकाळी ताटकळावं लागत नाही.

लाँचमध्ये मागे बसलं तर डिझेल इंजिनाची धडधड कानात बसते, पुढे बसलं तर वाऱ्याला तुषार अंगावर येतात. आम्ही पुढेच बसतो. मोबाइल तेवढा पिशवीत. हे सगळं कोयना धरणाचं पाणी. नोव्हेंबरात ते झाडीला टेकलेलं असतं. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटत जातं तसा काठ मागे सरतो आणि एप्रिल-मेमध्ये उतरल्यावर भेगाळलेल्या गाळातून बरीच जास्त पायपीट होते. तेवढा वेळ हिशोबात वाढवा. मेट म्हणजे गडाखालची चौकी. मेट इंदवलीचं गाव धरणामुळे उठलं, नाव तेवढं उरलं.

पायथ्याच्या वनखात्याच्या चौकीवर प्लास्टिकच्या बाटल्या, पुडे मोजून अनामत घेतात. धातूची बाटली नेली की ही भानगड नाही. माणशी तीन लिटर पाणी लागतंच. थोडं चालल्यावर ओढा आणि मारुती लागतो. इथवर वाट सपाट, म्हणून लोक सुसाट सुटतात आणि पुढच्या खड्या चढाला दमतात. झाडी इतकी दाट की ऊन लागत नाही, पण वाराही लागत नाही. घामाने शर्ट पिळून निघतो. पावसाळा नुकता संपला असेल तर जळवा असतात. पँट मोज्यात खोचायची, चिकटलीच तर मीठ. वर नागेश्वरचा, म्हणजे गुहेतल्या महादेवाचा, फाटा फुटतो. एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नये.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, महादेवाचं देऊळ, चुन्याचा घाणा. वेळ राखायचा तो बाबूकड्यासाठी. घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा, खाली थेट कोकण, समोर जुना वासोटा नावाचा डोंगर. महाराजांनी 1660 मध्ये गड घेऊन त्याला व्याघ्रगड म्हटलं. आज हे रान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. कड्याच्या टोकाला कठडा नाही आणि सुकलेल्या गवतावरून बूट सरकतो. फोटो बसूनच काढा. मोबाइलला रेंज नसते, तेव्हा लाँचवाल्याला दिलेली वेळ सगळ्यांच्या डोक्यात पक्की हवी. उशिरात उशिरा तीनला उतरायला लागा.