सेटवर बोलायला शिकताना

भुसावळला नियम पाठ केले, परीक्षा दिली आणि मालगाडीचा ट्रेन मॅनेजर म्हणून सोलापुरात रोड लर्निंग, म्हणजे गाडीवर राहून मार्ग ओळखणं, सुरू झालं. (2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, इंजिन चालवणारे लोको पायलट मात्र अजून ‘गार्डसाहेब’ अशीच हाक मारतात.) सोबत एक जुने गार्ड असायचे, सगळे त्यांना काका म्हणत. सिग्नल, चढउतार, गेटं बघून बघून लक्षात राहिली. खरी मेहनत लागली ती वॉकीटॉकीवर, म्हणजे आमच्या ‘सेट’वर, बोलायला शिकण्यात.

सेटवर एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबून ठेवलंय तोवर समोरच्याचं काही ऐकू येत नाही आणि दोघांनी एकदम दाबलं तर नुसती खरखर. दाबल्यावर क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आणि सुरुवातीलाच तर गाडी नंबर असतो! शिवाय आपलं बोलणं आजूबाजूचे सगळे ऐकत असतात: स्टेशन मास्तर, शेजारच्या लाइनवरची गाडी, यार्डात शंटिंग करणारे, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणारे. कुणी नुसतं ‘आगे बढ़ाओ’ म्हटलं, तर ते कुणासाठी? शंटिंगला उभ्या असलेल्या इंजिनाने आपल्यालाच सांगितलं असं समजलं तर? म्हणून आधी गाडी नंबर, मग जागा, लाइन आणि शेवटी काम. नंबरातला एकेक आकडा सुटा म्हणायचा. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याहून येताना 12157, जाताना 12158. शेवटचा आकडा गिळला की गाडीची दिशाच बदलते. ऐकणाऱ्याने निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा. नुसतं ‘ओके’ काका चालवून घेत नसत. कर्नाटकातल्या वाडी स्टेशनाकडचे कन्नड बोलणारे, दौंडकडचे मराठी, सेटवर मात्र सगळे हिंदी.

सेट सिग्नलची जागा घेत नाही, हे तर काकांनी रोज बजावलं. स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून निघायचा सिग्नल, लाल आहे आणि सेटवर कुणी ‘निघा’ म्हणालं, तरी गाडी हलत नाही. सिग्नल बिघडला असेल तर लेखी परवाना, टी/369 (3बी), हातात हवा. सेट हातात असला तरी दिवसा हिरवी झेंडी आणि रात्री हिरवा दिवा दाखवायचाच. पण सहाशे मीटरच्या वर लांब मालगाडी वळणावर असली की शेवटच्या ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या डब्यातून, इंजिन दिसत नाही, तिथे सेटशिवाय गत्यंतर नाही. निघण्याआधी ब्रेकच्या हवेचा दाबही सेटवरच ताडून घेतो: इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो, माझ्या गेजवर 4.8. तेवढा मिळाला म्हणजे हवा शेवटपर्यंत पोचली.

स्वतंत्र कामावर लागल्यानंतरची गोष्ट. रात्री कुर्डुवाडीकडे जाताना वाटेतल्या एका स्टेशनच्या मास्तरांनी आमचा नंबर घेऊन हाक मारली: मधल्या एका वॅगनच्या चाकांतून धूर येतोय. लोको पायलटने निरोप परत म्हटला, मीही म्हटला, गाडी थांबली. पुढून लोको पायलटचा सहायक, मागून मी, टॉर्च घेऊन निघालो. ब्रेक चाकांना चिकटून बसला होता. तो सोडवताना माणूस वॅगनशी वाकलेला असतो आणि इंजिनातून त्यातलं काहीही दिसत नाही. काम झाल्यावर सहायकाने गाडी नंबर घेऊन सांगितलं, ‘बाहर आ गया हूँ.’ लोको पायलटने ते परत म्हटलं आणि लगेच माझी चौकशी केली. मी ब्रेक व्हॅनमध्ये पोचलोय हे सांगून दाब पुन्हा 4.8 झाल्याचं कळवेपर्यंत त्यांनी गाडी हलवली नाही.