हुंदरमान : नियंत्रणरेषेकाठचं रिकामं गाव नीट बघायचं तर

कारगिलपासून साधारण 10 किलोमीटरवर हुंदरमान आहे. श्रीनगर-लेह प्रवासात कारगिलला नुसता मुक्काम टाकून पुढे जाणारे बहुतेक जण ते चुकवतात. अर्धा दिवस राखून ठेवा.

गाडी कारगिलमधूनच घ्या. रस्ता चालू आहे की लष्कराने थांबवलाय, हे स्थानिक चालकांना आधी कळतं. ठरवतानाच ‘जुन्या गावात उतरायचंय, दोन तास थांबावं लागेल’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर दुर्बिणीतून नियंत्रणरेषेपलीकडचं ब्रोल्मो गाव दाखवून गाडी परत वळते आणि खरं बघायचं राहूनच जातं.

1947 पूर्वी लेह, कारगिल आणि आता पाकिस्तानच्या ताब्यात असलेलं स्कर्दू या एकाच लडाख वजारतीच्या, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्याच्या, तीन तहसिली होत्या. 1947-48 च्या पहिल्या भारत-पाक युद्धानंतर हुंदरमान पाकिस्तानच्या ताब्यात राहिलं. डिसेंबर 1971 मध्ये भारतीय सैन्याने ते घेतलं आणि 1972 च्या सिमला करारानंतरची नियंत्रणरेषा गावाच्या पलीकडून गेली. काही घरांतली माणसं तिकडेच राहिली. स्कर्दूचा जुना रस्ता बंद, म्हणून सख्ख्या भावाला भेटायचं तर पंजाबात उतरून वाघामार्गे पुन्हा डोंगरात चढावं लागायचं, तेही व्हिसा मिळाला तर! एप्रिल 2025 मध्ये वाघाची वाटही बंद झाली. उरलेली वस्ती हळूहळू वर नव्या गावात गेली.

खाली उरलीत ती उतारावर एकावर एक रचलेली दगडमातीची घरं. एकाचं छप्पर तेच वरच्याचं अंगण. त्यावर पाय मात्र देऊ नका. लाकडी वाशांवर काटक्या आणि त्यावर माती, अशी ही छपरं असतात. देखभाल थांबली की पाणी मुरून काटक्या आतून कुजतात, वरून माती घट्टच दिसते. भिंतींना टेकू नका, दारातून वाकून जा.

एका घरात छोटं संग्रहालय आहे. जुनी भांडी, अवजारं, फोटो आणि सीमेपलीकडून आलेली नातेवाइकांची पत्रं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कुलूप दिसलं तर वरच्या गावात विचारा.

मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. ड्रोन नको, लष्करी चौक्यांचे फोटो नकोत. पायवाट सोडू नका. युद्धातला न फुटलेला दारूगोळा सापडण्याचा धोका या पट्ट्यात आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड लागतं. कारगिल शहरच सुमारे 2,700 मीटरवर असल्याने परतीच्या चढावर दम लागतो. पाणी सोबत घ्या आणि सावकाश चढा.