पहिला हप्ता

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी क्षयरुग्णांच्या उपचारांवर देखरेख ठेवणे हे माझे काम आहे. तिथल्या एका पाड्यावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा रावेरकडे केळीची कापणी आणि गाड्या भरण्याचे काम करीत असे. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग आढळला तेव्हा त्याचे वजन 41 किलो भरले. औषधे मोफत आणि सहा महिन्यांची आहेत, हे त्याला पटले. पण काम सुटल्यावर आई आणि लहान बहीण काय खाणार, हा त्याचा प्रश्न गोळ्यांनी सुटणारा नव्हता.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आहारासाठी 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाले आणि ते तीन हजारांच्या दोन हप्त्यांत थेट खात्यात जमा होतात. अंगात त्राण नसते आणि मजुरीही बुडालेली असते, अशा सुरुवातीच्या काळातच पहिला हप्ता हाती पडणे फार मोलाचे आहे. या मुलाचा मात्र तोच अडकला. आश्रमशाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते व्यवहाराअभावी निष्क्रिय झाले होते. शिवाय आधारकार्डावर आडनाव पावरा, तर पासबुकावर बारेला.

मी त्याला घेऊन बँकेत गेलो. रांगेत त्याला धाप लागली, म्हणून बाकावर बसवले आणि कागद मी पुढे केले. केवायसीसाठी पुढच्या आठवड्यात या, असे उत्तर मिळाले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सर, मी उद्या गाडीवर जातो, पैसे आले की परत येईन." औषधे अर्धवट सुटण्याची सुरुवात अशीच होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

रुग्णाच्या संमतीने जवळच्या नातेवाइकाचे खाते जोडता येते. लाडकी बहीण योजनेचे पैसे येत असल्याने आईचे खाते चालू होते. त्याच संध्याकाळी पाड्यावर जाऊन मुलाची सही घेतली आणि खाते क्रमांक क्षयरुग्णांच्या नोंदीच्या निक्षय पोर्टलवर नोंदवला. हप्ता आला, घरात अंडी, शेंगदाणे, तूरडाळ आली आणि मुलगा कामावर गेला नाही. दुसऱ्या महिन्याअखेर वजन 44 किलो झाले. बहिणीला रोग नव्हता. तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या.

तरीही हजार रुपये म्हणजे मोजक्या दिवसांची मजुरी. कमावत्या तरुण रुग्णाला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या मुलाने मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही आणि त्यासाठी कोणतीही योजना मला सापडलेली नाही.